पेट्रोल पंपाचं अंतर मोजून पाणी वाचत नाही

वस्तीजवळ नवा पेट्रोल पंप येणार म्हटलं की वाद ठरलेल्या वळणानं जातो. सोसायटीतले लोक टेप घेऊन शाळेच्या फाटकापासून मोजमाप करतात, पंप घेणारा आपला नकाशा पुढे करतो, नगरसेवक दोन्ही बाजूंना आश्वासन देतात, आणि प्रकरण कलेक्टर कचेरीत किंवा हरित लवादापुढे जाईपर्यंत सगळा प्रश्न एकाच मुद्द्यावर येऊन थांबतो: पन्नास मीटर भरतात की नाही? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमधून हा आकडा आला. शाळा, दहा किंवा त्याहून अधिक खाटांचं रुग्णालय आणि निवासी भाग यांच्यापासून नवा पंप ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षाव्यवस्था करून ३० मीटरपर्यंत येता येतं. हे अंतर मोजायचं ते इंधन देणाऱ्या यंत्रापासून, टँकर रिकामा करण्याच्या तोंडापासून किंवा वाफ सोडणाऱ्या नळीपासून, जे जवळ असेल तिथून. आगीचा आणि वाफांचा विचार केला तर हे योग्यच आहे. पण अंतराच्या या यादीत विहीर नाही, बोअर नाही. त्याच सूचनांमध्ये टाकीच्या गळतीची दखल आहे, तरी गावोगावच्या भांडणात तिचं नाव कुणी काढत नाही.

माझं म्हणणं आधीच मांडतो. प्रत्येक पंपाखालची आणि भोवतालची माती व भूजल ठरावीक काळानं तपासणं सक्तीचं व्हायला हवं, त्याचे निकाल कुणालाही पाहता यायला हवेत, आणि पंप बंद करून जागा विकताना ही तपासणी झाल्याशिवाय तिथं बांधकामाला परवानगी मिळता कामा नये. पन्नास मीटरचा नियम नव्या पंपांपुरता आहे. देशातल्या पंपांची संख्या आता लाखाच्या घरात आहे आणि त्यातले कितीतरी या नियमाच्या आधीचे आहेत. त्यांच्या खाली काय चाललंय, हे टेप लावून कसं कळणार?

पंपावर आपल्याला यंत्रं दिसतात, टाक्या दिसत नाहीत. काँक्रीटच्या खाली हजारो लिटरच्या टाक्या पुरलेल्या असतात आणि त्यांच्यापासून यंत्रांपर्यंत नळ्या गेलेल्या असतात. सांधे, व्हॉल्व्ह, टँकरचा पाइप लावण्याची जागा या सगळ्या गळतीच्या जागा आहेत. टाकीचं पोलाद गंजणं ही त्यातली एक. जुन्या पद्धतीच्या पंपावर सकाळी कामगार डिप घेतो ते कधी जवळून पाहा. रॉडच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावलेली असते. रॉड टाकीत सोडून वर काढला की इंधनाची ओली रेघ कुठवर आली ते वाचायचं आणि पेस्टचा रंग बदलला का ते पाहायचं. बदलला, तर टाकीत पाणी शिरलंय. म्हणजे बाहेरचं पाणी इंधनात आलं का, याची रोज चौकशी होते, कारण त्यात ग्राहकाची गाडी बंद पडते. इंधन बाहेरच्या पाण्यात गेलं का, याचा माग मात्र फक्त हिशेबातून लागतो. साठा किती होता, विक्री किती झाली, शॉर्टेज किती आलं. पेट्रोल उडतं, उन्हाळ्यात फुगतं, थंडीत आकसतं, म्हणून थोडी घट सगळेच गृहीत धरतात. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला सुमारे सव्वाचार लिटर जातात. दिवसाला पाच हजार लिटर विकणाऱ्या पंपाच्या वहीत ही घट कुणाच्या नजरेत भरेल? वर्षाअखेर तेच दीड हजार लिटरहून जास्त होतात.

दीड हजार लिटर राहू द्या, एका लिटरचा हिशेब करू. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीन एक टक्क्यापर्यंत चालतं. म्हणजे एका लिटरमध्ये जास्तीत जास्त दहा मिलिलिटर, वजनानं सुमारे ८.८ ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात बेंझीन लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण ते माणसाला कर्करोग करतं, विशेषतः रक्ताचा. भागाकार केला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन जवळपास पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. दहा हजार लिटरचे अठ्ठ्याऐंशी टँकर. प्रत्यक्षात सगळं बेंझीन पाण्यात उतरत नाही. काही उडतं, काही मातीला धरून राहतं, काही जिवाणू खातात. तरीही प्रमाण किती विषम आहे ते लक्षात यावं. ‘गळती झाली तर वास येईलच की’, हे नेहमीचं उत्तर इथं टिकत नाही. पाण्यातल्या बेंझीनचा वास माणसाला साधारण लिटरमागे १० मिलिग्रॅमला जाणवतो, मर्यादेच्या हजारपट. पेट्रोलमधले इतर घटक थोडे आधी नाकाला कळतात, पण नाक हे तपासणीचं साधन होऊ शकत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. टाक्या बदलल्या आहेत. दुहेरी भिंतीच्या टाक्या आल्या, न गंजणाऱ्या नळ्या आल्या, टाकीतली पातळी सतत मोजणारी स्वयंचलित यंत्रणा आली. हे खरं आहे आणि ही प्रगती मोठी आहे. पण त्या यंत्रणेची नजर किती बारीक आहे? या विषयात सगळ्यात जास्त पोळलेल्या अमेरिकेत अशा यंत्रणेकडून नेहमीच्या चाचणीत अपेक्षा असते ती तासाला ०.२ गॅलनची गळती पकडण्याची. हा दर म्हणजे दिवसाला सुमारे अठरा लिटर. त्याच्या खाली काही झालं तर यंत्रणा गप्प राहू शकते आणि तरीही ती नियमाप्रमाणे उत्तम चाललेली असते. शिवाय टँकर रिकामा करताना जे सांडतं, नव्या टाकीच्या आधी त्याच खड्ड्यात जी जुनी टाकी होती तिनं जे सोडून ठेवलंय, त्याचा आकडा या यंत्राच्या पडद्यावर कधीच येणार नाही. टाकीवर लक्ष ठेवणं आणि जमिनीवर लक्ष ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं होतंय म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

ज्यांना टाकीवरच्या देखरेखीवर पूर्ण भरवसा आहे त्यांनी अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या रेड हिलचं प्रकरण पाहावं. ओआहू बेटावर अमेरिकन नौदलानं १९४० ते १९४३ या काळात डोंगराच्या पोटात वीस प्रचंड टाक्या बांधल्या, प्रत्येकीत सव्वा कोटी गॅलन मावेल एवढ्या. टाक्यांच्या तळाखाली साधारण शंभर फुटांवर होनोलुलूला पाणी देणारा भूजलसाठा. जानेवारी २०१४ मध्ये पाच क्रमांकाच्या टाकीतून सुमारे २७ हजार गॅलन इंधन गळलं. शहराच्या पाणीपुरवठा मंडळानं तेव्हापासून सतत धोका सांगितला. उत्तर मिळत गेलं की टाक्या सुरक्षित आहेत, सुधारणा चालू आहेत. मग मे २०२१ मध्ये नळी फुटली. सांडलेलं बरंचसं इंधन आग विझवण्याच्या व्यवस्थेच्या निचरावाहिनीत जाऊन बसलं आणि महिनोन्‌महिने तिथंच राहिलं. २० नोव्हेंबरला त्या वाहिनीला गाडीची धडक बसली आणि इंधन बाहेर पडून पाण्याच्या उद्भवात शिरलं. नौदलाच्या वसाहतींमध्ये नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला, लोकांच्या अंगावर पुरळ उठलं, मुलं आजारी पडली, आणि सुरुवातीला त्यांना सांगितलं गेलं की पाणी सुरक्षित आहे. त्या पाणीयोजनेवर सुमारे ९३ हजार माणसं अवलंबून होती. मार्च २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी साठा कायमचा बंद करण्याची घोषणा केली. जगातल्या सर्वांत श्रीमंत लष्कराकडे पैसा, अभियंते, मोजमापाची साधनं सगळं होतं. मे महिन्यात गेलेलं इंधन कुठं गेलं, याचा हिशेब नीट लागला असता तर नोव्हेंबर टळला असता.

रेड हिलमधली आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची आहे: तिथला खडकही बेसाल्ट आहे. हवाईचा बेसाल्ट तरुण आणि पाणी सहज जाऊ देणारा, आपला सह्याद्रीचा खूप जुना आणि घट्ट, हा फरक मोठाच. पण महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग ज्या खडकावर बसलाय त्यात पाणी कसं चालतं हे विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा. वर मुरूम, खाली कुठं काळा कातळ, कुठं सच्छिद्र थर, आणि पाणी येतं ते भेगांमधून, थरांच्या सांध्यांमधून. एका शेतात शंभर फुटांवर पाणी लागतं आणि बांधापलीकडे तीनशे फूट गेलं तरी धूळ उडते. अशा खडकात वर्तुळाकार पन्नास मीटरला काय अर्थ आहे? इंधन भेगेच्या दिशेनं जाईल. उताराकडच्या दोनशे मीटरवरच्या बोअरमध्ये ते उतरेल आणि भिंतीपलीकडची विहीर कोरी राहील, असंही होऊ शकतं. म्हणून जागेवर जाऊन तपासण्याला पर्याय नाही.

‘निसर्ग स्वतःच साफ करतो’ हा आक्षेप अडाणीपणातून आलेला नाही, त्याला शास्त्राचा आधार आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेनं १९९५ मध्ये राज्यातल्या गळक्या टाक्यांचा मोठा अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की बेंझीनचा पसारा बहुतेक ठिकाणी फार दूर जात नाही. मातीतले जिवाणू त्याला खातात आणि तो आपोआप थांबतो, म्हणून सरसकट खर्चिक सफाई करू नये. निष्कर्ष त्याच्या मर्यादेत बरोबर होता. पण त्याच काळात अमेरिकेतलं पेट्रोल बदललं होतं. धूर कमी व्हावा म्हणून त्यात एमटीबीई नावाचं रसायन मोठ्या प्रमाणात मिसळलं जात होतं. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला चिकटत नाही आणि जिवाणूंना पचायला जड. १९९६ मध्ये सँटा मोनिका शहराला एमटीबीईमुळे आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा निम्मा पाणीपुरवठा गेला. हवा वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय पाण्यावर उलटला, आणि तो निर्णय घेताना टाक्या गळतात ही गोष्ट पुरेशी हिशेबात धरली गेली नव्हती.

आपणही पेट्रोल बदललंय. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर २०२५ मध्ये देशभर रणकंदन झालं. मायलेज किती घटतं, जुन्या गाडीचे रबरी भाग टिकतात का, साखर कारखान्यांचा फायदा किती. हे प्रश्न रास्त आहेत. मातीचा प्रश्न मात्र कुठं ऐकू आला नाही. इथेनॉल एमटीबीईसारखं चिवट नाही. जिवाणू ते आवडीनं खातात. अडचण त्यातच आहे. ते आधी इथेनॉल खातात, त्यात जमिनीतला प्राणवायू संपतो, आणि बेंझीन मागे राहून अधिक काळ टिकतं, अधिक लांब जातं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे टाकीच्या तळाशी जमणाऱ्या पाण्याचा आणि गंजाचा प्रश्न वेगळं रूप घेतो. इथेनॉल नको, असं यातून निघत नाही. पण १९९५ च्या इंधनावर बेतलेला दिलासा आजच्या इंधनाला तसाच लावता येत नाही, एवढं नक्की निघतं.

‘आपल्याकडे असं झाल्याचं कुठं ऐकलंय?’ ऐकलंय. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ मध्ये घरच्या बोअरमधून इंधन येऊ लागलं आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. गोव्यात दाबोळीजवळच्या माटवे भागात २०२४ मध्ये विहिरींत इंधन उतरल्याच्या तक्रारी झाल्या. या दोन्ही ठिकाणी बोट दाखवलं गेलं ते जमिनीखालच्या इंधनवाहिन्यांकडे, पंपाच्या टाक्यांकडे नव्हे, हे मान्य. पण दोन्हीकडे बातमी लागली ती लोकांना पाण्यात इंधन दिसलं तेव्हा. पंपाची बारीक गळती दिसत नाही, म्हणून तिची बातमी होत नाही, आणि बातमी होत नाही म्हणून ती नाही असं आपण धरून चालतो. अमेरिकेतही १९८० पर्यंत असंच धरलं जात होतं. रोड आयलंडमधल्या कॅनब पार्कसारख्या वस्त्यांच्या विहिरी बिघडल्या, टीव्हीवर लोकांनी ते पाहिलं, आणि १९८४ मध्ये तिथल्या संसदेनं जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला. त्यानंतर शोध सुरू झाला. आजवर साडेपाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्यात. टाक्या कायदा आल्यावर गळायला लागल्या नव्हत्या, शोधायला माणसं गेली तेव्हा गळत्या सापडल्या.

सांडपाणी, खतांमधलं नायट्रेट, कारखान्यांचं रसायन यांच्यापुढे पंपाची गळती किती मोठी, असं भूजलाचे अभ्यासक विचारतात, आणि राज्याच्या एकूण चित्रात त्यांचं बरोबर आहे. पण एका बोअरवर राहणाऱ्या चाळीस घरांना राज्याची सरासरी प्यायची नसते. आणि सांडपाण्याच्या तुलनेत हा प्रश्न सोपा आहे. पंप कुठं आहे हे ठाऊक आहे, टाकी कधी पुरली याची नोंद नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेच्या परवान्यांत आहे, मालक बहुतेकदा माहीत आहे, रसायन माहीत आहे. इतका पत्ता असलेलं प्रदूषण दुसरं कुठलं आहे?

तपासणीही काही आकाशातून आणायची नाही. पंपाच्या आवारात आणि उताराच्या दिशेनं तीन-चार छिद्रं पाडायची, निघालेल्या मातीचे नमुने थराथरानं घ्यायचे, छिद्रांमध्ये जाळीच्या नळ्या बसवून निरीक्षण विहिरी करायच्या. पाण्याचा नमुना घेण्याची रीत बारीक आहे आणि तिथंच कामाचा कस लागतो. आधी नळीतलं साचलेलं पाणी उपसून टाकायचं, ताजं पाणी येऊ द्यायचं. मग चाळीस मिलिलिटरची काचेची कुपी हळूहळू, फेस न होऊ देता, काठोकाठ भरायची. पाणी तोंडाशी फुगून आलं की झाकण लावायचं आणि कुपी उलटी करून बोटानं टिचकी मारायची. बुडबुडा दिसला की नमुना गेला, कारण बेंझीन त्या हवेत निघून जातं आणि प्रयोगशाळेत पाणी खोटंच स्वच्छ ठरतं. कुपी लगेच बर्फात. ऋतूही पाळावा लागतो. आपल्याकडे मे आणि ऑक्टोबर यांच्यामध्ये भूजलाची पातळी काही मीटरनं वरखाली होते. पाण्यावर तरंगणारं पेट्रोल पातळीबरोबर चढतं-उतरतं आणि मधल्या सगळ्या थराला माखतं. एकदाच ऑक्टोबरमध्ये नमुना घेऊन ‘सापडलं नाही’ म्हणणं म्हणूनच फसवं. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं वर्षातून चार वेळा हजारो निरीक्षण विहिरींच्या पातळ्या मोजत असतात. ऋतूंची ही शिस्त आपल्याकडे आहे. तिला पंपांच्या परिसरातल्या काही विहिरी आणि बेंझीनची चाचणी जोडायची आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आणि ते पाऊल खरोखर महत्त्वाचं आहे. जिल्हा प्रशासनानं आणि स्थानिक संस्थांनी संशयित जागा कळवायच्या, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दोषीकडून खर्च घ्यायचा. पण या सगळ्याची सुरुवात संशयापासून होते. ज्या जमिनीचा नमुना कधी घेतलाच नाही तिच्याविषयी ग्रामसेवकाला संशय यायचा कुठून? नियमित तपासणी नसेल तर हे नियम पाण्यावर तवंग दिसण्याची वाट पाहत बसतील.

राहिला खर्चाचा प्रश्न, आणि डीलरची तक्रार मला खोटी वाटत नाही. टाकी बहुतेकदा तेल कंपनीची, जमीन कुणाची तरी तिसऱ्याचीच, कमिशन लिटरमागे काही रुपये, आणि बदनामी मात्र फलकाखाली उभ्या असलेल्या माणसाची. तपासणीचा भार एकट्या डीलरवर टाकला तर तो लपवेल, कुणीही लपवेल. अमेरिकेनं १९८६ मध्ये गॅलनमागे सेंटचा दहावा भाग घेऊन गळक्या टाक्यांसाठी निधी उभा केला. आपल्याकडे पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे एक पैसा घेतला तरी आजच्या खपावर वर्षाला दीडशे कोटींहून अधिक रक्कम जमते. मालकी माहीत नसलेल्या जुन्या टाक्या आणि छोट्या डीलरांची तपासणी यांची सुरुवात त्यात होते. मोठ्या सफाईचा खर्च टाकीच्या मालकाचाच राहील.

आणि घाई आहे ती शहरांत. गाड्या विजेवर जाणार, मग मरणाऱ्या धंद्यावर खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांनी पुण्या-मुंबईतल्या चौकातल्या पंपांच्या जागांचे भाव पाहावेत. धंदा आटला की त्या जागांवर इमारती उभ्या राहणार. तळघराच्या पार्किंगसाठी तीस फूट खोदकाम होणार, खड्ड्यात आलेलं पाणी पंप लावून गटारात किंवा नाल्यात सोडलं जाणार, उपसलेला मुरूम डंपरनं कुठल्या तरी दुसऱ्या जागेच्या भरावात जाणार, आणि इमारतीचा बोअर त्याच खड्ड्याच्या शेजारी पडणार. अहवाल जाहीर झाले तर जागांचे भाव पडतील, अशी भीती आहे. पडू देत. आज ती किंमत सदनिका घेणारं कुटुंब न विचारता मोजतंय. बांधकामाचा नकाशा मंजूर करताना महापालिका अग्निशमन दलाचं, झाडांचं, विमानतळाच्या उंचीचं ना-हरकत पत्र मागते. जुन्या पंपाच्या जागेसाठी त्या यादीत माती आणि भूजलाचा अहवाल घालायला महापालिकेनं आजच सुरुवात करावी. दिल्लीहून कायदा येईपर्यंत थांबायचं काही कारण नाही.